डेलिलीचा नाद: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मध्य न्यू जर्सीत आमच्या घरामागे जेमतेम पाऊण गुंठा मोकळी जागा आहे. थंडीत तिच्यावर बर्फ साचतो आणि जुलैत तिथे उभं राहिलं की मुंबईसारखा घाम फुटतो. अकरा वर्षांपासून मी तिथे डेलिली लावते आणि नऊ वर्षांपासून त्यांचे संकर करते. आषाढीच्या आगेमागे बाग भरात असते. तेव्हा चहाला येणारा प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो आणि पुण्या-नाशिकहून फोनवरही तेच येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

डेलिली म्हणजे आपल्याकडची लिलीच ना?

नाही. आपल्याकडे ‘लिली’ म्हटलं की कुणाला पांढरी स्पायडर लिली आठवते, कुणाला पहिल्या पावसानंतर उगवणारी गुलाबी रेन लिली, तर कुणाला मे महिन्यात येणारा तो लाल चेंडू. या सगळ्या कंदवाल्या. डेलिलीला कंद नसतो. तिची मुळं जाड आणि मांसल असतात, त्यांच्या वर एक छोटा गड्डा आणि गड्ड्यातून पंख्यासारखी समोरासमोर निघालेली लांब पानं. अशा एका जुडीला इथली मंडळी ‘फॅन’च म्हणतात. रोप विकलं जातं ते फॅनच्या हिशोबाने.

पूर्वी हिला लिलीच्या कुळात धरत. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला कोरफडीच्या कुळात बसवलंय. माझ्या आईला ही बातमी अजून पटलेली नाही.

शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, म्हणजे ग्रीकमध्ये एका दिवसाचं सौंदर्य. मूळ चीन, जपान, कोरियाकडचं झाड. संकराचं वेड मात्र सगळ्यांत जास्त फोफावलं ते अमेरिकेत.

फूल खरंच एकच दिवस टिकतं? मग एवढा खटाटोप कशाला?

खरंच एक दिवस. सकाळी उमलतं आणि रात्रीपर्यंत चिपाड होतं. काही जाती संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तग धरतात. पण एका दांड्यावर दहापासून तीसपर्यंत कळ्या असतात आणि जुन्या झाडाला असे कितीतरी दांडे येतात, त्यामुळे एकेक झाड तीन-चार आठवडे चालतं. शिवाय लवकर, मध्यात आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावल्या की इथे जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टपर्यंत काही ना काही उमलत राहतं.

एक दिवसाचा फायदाही आहे. देवाला वाहायला फूल तोडताना जीव कचरत नाही, ते संध्याकाळी जाणारच असतं. वाळलेली फुलं रोज खुडावी लागतात, नाहीतर ती ओल्या टिश्यूपेपरसारखी पुढच्या कळ्यांना चिकटतात. मी ते सकाळी चहाचा कप हातात घेऊन करते. हे काम बागकामात मोडतं की टाळाटाळीत, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

सुरुवात कुठल्या जातीने करावी?

स्वस्त आणि जुन्या. ‘स्टेला द ओरो’ इथे पेट्रोलपंपांच्या कडेलासुद्धा दिसते, म्हणून लोक तिला नाकं मुरडतात. पण १९७५ साली नोंदवलेली ही जेमतेम फूटभर उंचीची पिवळी जात उन्हाळाभर पुन्हापुन्हा फुलते. तिला १९८५मध्ये या छंदातला सगळ्यांत मोठा मान, स्टाउट पदक, मिळालाय. सुवास हवा असेल तर १९२०च्या दशकातली लिंबाच्या रंगाची ‘हायपेरियन’ घ्या.

रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी आपोआप पसरलेली नारिंगी डेलिली मात्र बागेत आणू नका. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. त्यामुळे बी जवळजवळ धरतच नाही, पण जमिनीखालून ती अशी धावते की दोन वर्षांत शेजाऱ्याच्या हद्दीत. मी आणली होती. एका ऑनलाइन दुकानाने ‘गडद जांभळी’ म्हणून पाठवली, तिसऱ्या वर्षी फुलली तेव्हा तीच नारिंगी निघाली. अजून कुठून कुठून तिची पानं वर येतात.

लावायची कशी?

फार लाड नकोत. सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती, थोडं कंपोस्ट. गड्डा मातीखाली एक इंचापेक्षा खोल नको, झाडांत दीड-दोन फूट अंतर. कळ्या धरताना पाणी कमी पडू देऊ नका. गडद लाल आणि जांभळ्या जातींना दुपारी सावली मिळाली तर बरं, नाहीतर चारच्या सुमारास त्यांच्यावर गरम इस्त्री फिरवल्यासारखे डाग पडतात. तीन ते पाच वर्षांनी झाड उकरून फॅन वेगळे करायचे. झालं.

संकर करता म्हणजे नेमकं काय करता?

हे विचारलंत की मी थांबत नाही, तेव्हा बसूनच वाचा.

सकाळचे आठ ते दहा ही वेळ. फुलाला बाहेरून तीन आणि आतून तीन अशा सहा पाकळ्या दिसतात. बाहेरची तीन खरं तर निदलं. मध्ये सहा पुंकेसर, प्रत्येकाच्या टोकाला परागाची पुडी, आणि त्यांच्याहून लांब, टोकाशी किंचित वर वळलेला एक स्त्रीकेसर. डेलिलीवर इतके लोक का भाळतात त्याचं उत्तर इथे आहे: सगळं डोळ्यांना दिसेल एवढं मोठं असतं. भिंग नको, प्रयोगशाळा नको. चिमट्याने ‘बापा’चा एक पुंकेसर खुडायचा, ‘आई’च्या फुलाशी न्यायचा आणि स्त्रीकेसराच्या टोकावर हळूच टेकवायचा. टोकाला पिवळी भुकटी चिकटलेली दिसली की काम झालं. हळदीचं बोट लावावं तसं.

मग लगेच, जागचं हलायच्या आधी, त्या फुलाच्या देठाला चिठ्ठी बांधायची. आईचं नाव आधी, मग गुणाकाराची फुली, मग बापाचं नाव. तीच नोंद त्याच दिवशी वहीत. हा छंद निम्मा चिमट्याचा आणि निम्मा वहीचा आहे, आणि वहीचा निम्मा जास्त महत्त्वाचा. फुलं सगळ्यांच्याच बागेत येतात. कुठल्या फुलाचे आईबाप कोण, हे ज्याला सांगता येतं त्यालाच पुढची पायरी चढता येते. हे मला पटायला एका चांगल्या रोपाची वंशावळ हातची घालवावी लागली, त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात.

हवा ३२ अंशांच्या वर गेली की फळ धरायचं प्रमाण एकदम घसरतं. परागावर पाणी पडलं तर तो वाया जातो. पाऊस येणार असेल तर मी आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची फुगलेली कळी खुडून आणते आणि कपभर पाण्यात ठेवते. सकाळी ती स्वयंपाकघरात उमलते आणि पराग कोरडा मिळतो.

बाप जूनमध्ये फुलतो आणि आई जुलैअखेर, असं असलं तरी अडत नाही. पराग नीट वाळवून फ्रीजरमध्ये ठेवला तर महिनोन्‌महिने चालतो. मी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या वापरते. भारतातून येताना त्या आणते आणि कस्टमवाल्याने कधी विचारलंच तर काय सांगायचं याची उजळणी करत येते.

धरलं की नाही ते कसं कळतं? बी कधी मिळतं?

तीन-चार दिवसांत वाळलेलं फूल गळून पडतं आणि देठाशी हिरवा टपोरा ठिपका राहतो. त्याचं बोंड होतं. पहिल्या दहा दिवसांत बरीच बोंडं पिवळी पडून गळतात. मन खट्टू करून घेऊ नका. जी राहतात ती पन्नासएक दिवसांत तपकिरी होतात आणि टोकाशी तीन भागांत तडकतात. तडा दिसला की त्याच दिवशी काढायचं, दुसऱ्या दिवशी बी मातीत सांडलेलं असतं. बी काळंभोर, मिऱ्याएवढं, पण तुळतुळीत. एका बोंडात कधी दोन निघतात, कधी वीस.

बी एक-दोन दिवस सावलीत सुकवून, किंचित ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीजमध्ये चार-पाच आठवडे. हा खोटा हिवाळा मिळाला की पुष्कळ बिया एकदम उगवतात. सासूबाईंनी एकदा ती पिशवी मिरी समजून डब्यात रिकामी करायला काढली होती. मिरी ओल्या कागदात कोण ठेवतं, या कोड्याने त्या थांबल्या म्हणून अठ्ठेचाळीस बिया वाचल्या.

मी फेब्रुवारीत घरात दिव्याखाली पेरते आणि मे महिन्यात वाफ्यात लावते. पहिलं फूल इथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या उन्हाळ्यात. फ्लोरिडासारख्या उबदार भागातले लोक वर्षाच्या आत फूल बघतात, त्यांचा मला हेवा वाटतो.

डिप्लॉइड, टेट्राप्लॉइड ही काय भानगड आहे?

नवशिक्यांचा पहिला उन्हाळा इथेच फुकट जातो, माझाही गेला. डेलिलीत मुळात २२ गुणसूत्रं असतात, त्या डिप्लॉइड. काहींत ती दुप्पट, म्हणजे ४४ केलेली असतात, त्या टेट्राप्लॉइड, बोलताना ‘टेट’. डिपचा डिपशी, टेटचा टेटशी. एकमेकांत जवळपास कधीच जुळत नाही. पहिल्या वर्षी मी एकेचाळीस संकर केले आणि त्यांतले सव्वीस असे आडवे होते. फुलाकडे बघून ओळखता येत नाही, जातीच्या नोंदीत बघावं लागतं.

दुप्पट करायला कोल्चिसिन नावाचं विषारी द्रव्य लागतं. शिकागोकडच्या ऑर्व्हिल फे आणि रॉबर्ट ग्रीसबाख यांनी नुकत्याच अंकुरलेल्या बियांवर ते वापरलं आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या टेट जाती लोकांपुढे आल्या. पाकळ्यांचा आजचा जाडपणा, झालरी, वेगळ्या रंगाचे काठ हा बहुतेक सगळा संसार त्यानंतरचा. गंमत म्हणजे हेच द्रव्य आपल्या कोकणातल्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं. त्या झाडाची ज्वाळेसारखी फुलं आणि त्याच्या विषाबद्दल आजीने दिलेली तंबी आठवत असेल, तर कोल्चिसिन घरी का वापरू नये हे वेगळं सांगायला नको.

कुणाचा कुणाशी करायचा, हे कसं ठरवता?

आधी सुंदर फुलाचा सुंदर फुलाशी करायचे. त्याला इथले जुने लोक हसतात, आणि बरोबरच हसतात. आता मी फुलाआधी झाड बघते: दांडा पानांच्या वर येतो का, त्याला फांद्या फुटतात का, फूल रात्री गार पडल्यावरही सकाळी पूर्ण उघडतं का. चेहरा सुधारता येतो, पण दांडा पानांत बुडणारं झाड तीन पिढ्या पाठ सोडत नाही.

आणि एकच ध्यास ठरवा. माझा ध्यास इरकलीचा. म्हणजे फिकट अंगाचं फूल, काठ गडद आणि काठाच्याच रंगाचा डोळा मध्ये. इथले लोक ‘आय’ आणि ‘एज’ म्हणतात, मी वहीत ‘बुट्टा’ आणि ‘काठ’ लिहिते. पहिल्या पिढीत काठ बहुधा पुसट येतो. मग त्याच संकरातली भावंडं एकमेकांशी, किंवा रोप पुन्हा काठवाल्या पालकाशी. यात पाच-सहा वर्षं सहज जातात.

निळी डेलिली मिळते का? पांढरी?

नाही. ऑनलाइन जाहिरातीत निळी दिसली तर ती रंगवलेली आहे. काही जातींच्या डोळ्यात निळसर छटा उतरलीय, तेवढीच. ‘पांढऱ्या’ म्हणून विकतात त्या प्रत्यक्षात साईच्या रंगाच्या.

एवढी रोपं ठेवता कुठे?

ठेवत नाही. फेकते.

हे उत्तर ऐकून लोक दुखावतात. साडेतीन बाय बाराच्या वाफ्यात मी शंभराच्या वर रोपं चार-पाच इंचांवर कोंबते. फुलली की दोन उन्हाळे बघते. शंभरांतली नव्वद वाईट नसतात. ती नुसती आधीच असलेल्या कुठल्यातरी जातीसारखी असतात. ती मंडळाच्या उन्हाळी सहलीला बादलीतून नेते आणि फुकट वाटते. उरलेली कंपोस्टात. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या ज्या ए. बी. स्टाउट यांच्या नावाने ते पदक आहे, त्यांनी अनेक दशकं हजारो रोपं वाढवली आणि नावं दिली ती शंभरएक जातींना. त्यांच्यापुढे माझा वाफा काय!

पहिली दोन वर्षं मात्र मी एकही टाकलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी भेंडी लावायला जागा राहिली नाही.

हरणं खातात का?

खातात, आणि निवडून खातात. पानं ठेवून उद्या उमलणाऱ्या कळ्या तेवढ्या घेऊन जातात. आठ फुटी कुंपण हा खरा उपाय. सडक्या अंड्याचा आणि लसणाचा वास असलेले फवारे चालतात, पण पाऊस झाला की पुन्हा मारायचे. साबणाच्या वड्या टांगून बघितल्या. हरणांनी त्यांच्याखाली उभं राहून कळ्या खाल्ल्या.

पानांवर नारिंगी पूड दिसतेय. काय करू?

तांबेरा असावा. गव्हावरच्या तांबेऱ्याचाच भाऊबंद. पांढरा कागद पानावर घासा, नारिंगी ओरखडा उठला तर तोच. अमेरिकेत हा पहिल्यांदा २०००मध्ये सापडला. पानं कापून पिशवीत भरून कचऱ्यात टाका, कंपोस्टात नको. पाणी पानांवर नाही, बुडाशी द्या. त्याला जिवंत पान लागतं, त्यामुळे जिथे हिवाळ्यात झाड जमिनीपर्यंत मरतं तिथे तो बहुधा मार्चपर्यंत टिकत नाही. उबदार प्रदेशात बारा महिने राहतो. नवीन विकत आणलेलं रोप महिनाभर वेगळं ठेवायची सवय लावा.

खातात म्हणे? आणि घरात मांजर आहे, चालेल का?

मांजर असेल तर लावू नका. हे ठामपणे सांगतेय. डेलिलीचं पान, फूल, पराग, काहीही पोटात गेलं तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चाटलं असा नुसता संशय आला तरी तडक डॉक्टरकडे न्यायचं, लक्षणांची वाट बघायची नाही.

माणसं खातात. चिनी स्वयंपाकात वाळवलेल्या कळ्या ‘सोन्याच्या सुया’ म्हणून वापरतात, अस्सल हॉट अँड सावर सुपात त्या असतात. आपल्या गाडीवरच्या सुपात मी तरी कधी बघितल्या नाहीत. बागेतल्या कळ्या खायच्या तर झाड डेलिलीच आहे याची खात्री हवी, कारण ‘लिली’ म्हणवणारी काही झाडं विषारी असतात. नर्सरीतून आणलेल्या झाडावर कसले फवारे मारले असतील तेही सांगता येत नाही. काहींचं पोटही बिघडतं. मी एकदा चार कळ्या बेसनात तळल्या. भजी बऱ्या झाल्या, पण कुठल्या चार कळ्या गेल्या ते आठवून आठवडाभर हळहळले.

पुण्यात, नाशकात होईल का?

होईल, पण जात बघून. डेलिलीचे तीन स्वभाव. हिवाळ्यात पूर्ण झोपणाऱ्या, सदाहरित आणि मधल्या. झोपणाऱ्यांना थंडी लागते, ती मिळाली नाही की त्या वर्षागणिक रोडावतात. आपल्याकडे सदाहरितच घ्या. बारा इंची कुंडी, तळाला मोकळी भोकं, मातीत गांडूळखत आणि निचऱ्यासाठी वाळू. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचं ऊन टाळा. खरा शत्रू पावसाळा: गड्डा कुजतो आणि पान ओढलं की अख्खी जुडी हातात येते, कुबट वास मारत. पावसात कुंडी विटांवर ठेवा आणि खालची ताटली काढून टाका.

मला फोनवर पुढचा प्रश्न असतो, “येताना बॅगेतून दोन फॅन आणशील?” नाही आणणार. भारतात रोपं आणि बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. आणि तांबेऱ्याचं पार्सल घेऊन यायची माझी इच्छा नाही.

नवीन जात शंभर-दोनशे डॉलरला का?

कारण बियापासून तीच जात येत नाही. प्रत्येक बी म्हणजे वेगळं पोर. ती जात वाढते फक्त फॅन फुटून, आणि पहिल्या वर्षी विकायला वीसएक फॅन असतात. पाच वर्षं थांबा, तेच रोप पंधरा डॉलरला मिळेल. मी थांबते.

तुमचं एखादं रोप नोंदवलंय का?

अजून नाही. नोंदणी करते ती डेलिलीवाल्यांची अमेरिकन संस्था. १९४६मध्ये आयोवातल्या शेनंडोआ गावात ती सुरू झाली आणि जगभरच्या डेलिलींची नोंद तिच्याकडेच होते. फुलाचं माप, उंची, हंगाम, आईबाप असं सगळं लिहून द्यावं लागतं. आधी कुणी घेतलेलं नाव चालत नाही, आणि ऐंशी हजारांहून जास्त नावं आधीच गेलेली आहेत. त्यांत मराठी नावं फारशी नसावीत, त्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त आहे. दोन रोपं निरीक्षणाखाली आहेत. एकाचा काठ मनासारखा आलाय, पण दांडा वाऱ्यात झुकतो. अजून एक उन्हाळा बघणार.

चिठ्ठीवर लिहायला पेन कुठलं?

पेन नको, पेन्सिल. साधी, मऊ शिशाची.

‘पर्मनंट’ लिहिलेला मार्कर उन्हात एका हंगामात उडतो. पाचव्या वर्षी माझ्या वाफ्यात साय-रंगाचं, जांभळ्या काठाचं एक फूल आलं. तसं आधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही आलेलं नाही. धावत जाऊन पट्टी उपटली तर ती पांढरीफटक. वहीत त्या वर्षीचे बारा संकर होते, त्यांतला हा कुठला ते आजतागायत कळलेलं नाही. आई बहुतेक माहितीय, बाप नाही. झाड अजून आहे, फुलतंही छान.

प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहा, आणि एक पट्टी मातीत पूर्ण पुरून ठेवा. वरची हरणं उपटतात.